शेगडीजवळचं बाक

चिलोए बेटावरची शाळा. नऊ मुलं, चार इयत्ता, खोली एक.
मी प्रश्न पुरता विचारायच्या आत
आदेमारचा हात वर असतो.
प्रश्न काय होता, ते त्याला मागाहून कळतं.

रोसाल्बा नाउएल्किन शेगडीजवळ बसते.
होडीतून येते, ओले बूट
शेगडीखाली सरकवते,
आणि मग दिवसभर अवाक्षर नाही.
लाकडं तेवढी वेळच्या वेळी सारते.
ती आली आणि वर्ग गारठला, असं कधी झालं नाही.

हजेरीपटात एक रकाना आहे, 'सहभाग'.
तिच्या नावापुढे मार्चपासून शून्यं,
जाळ्याच्या काठाला ओवलेल्या बुचांसारखी.

मी काय काय करून पाहिलं नाही!
नाव घेऊन उठवलं. उठली,
घंटा होईपर्यंत उभीच राहिली.
चेंडू फिरवला, ज्याच्या हाती चेंडू त्यानं बोलायचं;
तिनं तो हळूच माझ्या टेबलावर आणून ठेवला.
एकदा कशीबशी 'सात' म्हणाली,
तर मी केवढ्यानं ओरडले, शाबास!
सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.
पुढचे तीन आठवडे
तिची पाठ आम्हाला, तोंड विस्तवाकडे.

जूनमध्ये माझा घसा बसला.
फळ्यावर लिहिलं: आज भरती किती वाजता?
खडू ठेवला नि गप्प बसले,
दुसरं काही करताच येत नव्हतं.
आदेमार म्हणाला, चार.
मी हो नाही, की नाही नाही.
पाच?
मग त्याचाही हात खाली आला.
किटलीचं झाकण थडथडत राहिलं.
तेव्हा लक्षात आलं, पाच वर्षांत
एका श्वासाहून जास्त
मी कुणासाठी थांबलेच नव्हते.

शेगडीचं दार किरकिरलं.
एक ओंडका आत गेला.
"कुठलं पाणी?"
आवाज घोगरा, बरेच दिवस न उघडलेल्या कुलपाचा.
"इथलं की आमच्याकडचं?
आमच्या खाडीत पाणी वाळूच्या दांड्याला वळसा घालून येतं.
बाबा म्हणतात वीस मिनिटं उशिरा.
मी मोजलंय. पस्तीस."

शाबास अगदी ओठांवर आलं होतं.
बरं झालं, घसा बसलेला होता.
मी नुसता खडू पुढे केला.
तिनं घेतला नाही.
आदेमारनं घेतला, आणि माझ्या प्रश्नापुढे
वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: कुठली?

आता ऑगस्ट आलाय.
रकान्यात काय भरायचं, ते अजून ठरत नाही.
तिचा हात वर होत नाही, व्हावा असं मलाही आता वाटत नाही.
दार किरकिरलं
की बाकीच्यांना मी खुणेनं थांबवते.
कधी ती बोलते.
कधी तिला खरंच
फक्त लाकूड सारायचं असतं.