अर्धा तास

उद्या साडेनऊला मिस इवासाकी.
पहिला अर्धा तास फुकट, पुढचं मीटर मिनिटावर.
म्हणून आज रात्री जेवणाच्या टेबलावर
आईचं आयुष्य आम्ही दोघी
अर्ध्या तासात बसवतोय.

बुटांच्या खोक्यातून निघतं:
कोर्टाचं पाकीट, फोडलेलं पण वाचून न घेतलेलं,
माझं लशींचं कार्ड,
चार वर्षांची गॅसची बिलं, रबरबँड तुटून त्यांनाच चिकटलेलं,
आणि चर्चच्या सोडतीचं एक गुलाबी तिकीट.
"हे कशाला?"
"त्यावर तारीख आहे ना."
लाँड्रीतल्या कुणीतरी तिला सांगितलंय,
या देशात तारखेला किंमत असते.

ऑफिसातला मुलगा फोनवर म्हणाला होता,
सगळं क्रमवार लिहून आणा.
मी वहीच्या पानावर उभी रेघ ओढली.
डावीकडे केव्हा, उजवीकडे काय.
उजवी बाजू भरत चालली.
डावीकडे आई सांगते:
बटाटे काढून झाल्यावर.
तुझा पहिला दात पडला, त्या आठवड्यात.
कुत्रं भुंकायचं थांबलं, त्या रात्री.

"महिना कुठला, आई?"
ती खिडकीकडे बघते.
खाली फ्रूटव्हेलचा रस्ता, टायरवाल्याचा निळा दिवा,
उत्तर तिथे असल्यासारखी बराच वेळ बघते.
"घोड्यांच्या शर्यतीआधी."
शर्यत म्हणजे तोदोस सांतोस, म्हणजे एक नोव्हेंबर.
अख्ख्या पानावर तेवढीच तारीख मी पेनानं लिहिली.
बाकी सगळं पेन्सिलीत.

स्पॅनिश चालेल का, त्या मुलानं विचारलं होतं.
आईची स्पॅनिश बाजारापुरती,
भाव विचारण्याइतकी, नको म्हणण्याइतकी.
माम बोलणारा दुभाषी तीन आठवड्यांनी मिळेल.
मी म्हटलं, मी आहे.
"वय?"
"सोळा."
तो जरा थांबला. मग नियम सांगितला:
'ती म्हणते' म्हणायचं नाही.
सरळ 'मी' म्हणायचं.

तर सराव.
आई मामीत सांगते, मी इंग्रजीत म्हणते,
मी दार उघडलं. ते चौघे होते.
एकाच्या पायात माझ्या भावाचे बूट होते.
आम्ही पळालो.
आई मध्येच थांबवते.
"आम्ही की आपण? कुठला शब्द घातलास?"
इंग्रजीत दोन्हींना एकच आहे, मी सांगते.
तिला पटत नाही.
"मग बाईंना कळणार कसं,
आपल्यात त्या आहेत की नाहीत ते?"

पुन्हा पहिल्यापासून.
मी दार उघडलं.
मी मागच्या बाजूनं पळाले, मुलीला उचलून.
मला तेव्हा दिवस गेले होते.

हे मी म्हणून टाकलं, इंग्रजीत, सफाईदार,
आणि मग ऐकलं.

उचललेली मुलगी मी.
म्हणजे पोटातलं कुणी दुसरं.
माझ्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य,
जे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आई उठून ताटल्या विसळायला लागली.
स्वच्छच होत्या.
मी पेन्सिल धरून बसले, उजव्या बाजूला दोन ओळींची जागा होती.
"लिहू?"
नळ चालू. मग, पाठ न वळवता,
"विचारलं तर सांग."

आता विचारायचे प्रश्न.
एक: त्या पाकिटात काय लिहिलंय.
दोन: लाँड्रीत कामाला जायचं की नाही.
तीन: पैसे हप्त्यानं चालतील का.
"तुझा काही, आई?"
ती हात पुसते, एकेक बोट.
"बाईंना मुलं आहेत का, विचार."
"त्यात एक मिनिट जाईल."
"जाऊ दे," आई म्हणते.
मी लिहिलं. चार.
पेनानं.