खोली ब

टोलेडोच्या विमानतळाशेजारचं हॉटेल, तळमजला.
बारा खुर्च्या, बारा माणसं, बारा चकत्या.
आवडलं तर उजवीकडे फिरवा, नावडलं तर डावीकडे.
पंचाहत्तर डॉलर, टर्कीचं एक सँडविच,
आणि सामना फुकट.

मी काचेमागे.
माझ्या पडद्यावर बारा रेषा, रांगत्या पोरांसारख्या.

पिल्लू हरवलं, ट्रकने घरी आणलं :
अकरा रेषा उठून उभ्या राहिल्या.
अर्नेस्ट हॅव्हरकॅम्प, निवृत्त बसचालक,
प्रत्येक विनोदाला थोडा उशिरा हसतो.
विमेवाल्यांनी हसवलं,
गुण गेले मूतखड्याच्या गोळीला.

कोपऱ्यात डेल्फीन प्रुइट.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून तशीच आलेली,
पायांत रबरी सपाता, गळ्यातलं ओळखपत्र उलटं.

मग तो म्हातारा लागला.
थरथरत्या बोटाने नातीला फोन लावतो,
नात पहिल्याच घंटेला उचलते.
माझ्या बाजूला बसलेल्या कंपनीच्या साहेबाने
चष्मा काढून पुसला.
खोली नव्वदवर.
डेल्फीनने चकती डावीकडे पिळली, शून्यापर्यंत,
आणि तिथेच दाबून धरली
गळका नळ बंद करावा तशी.

मैदानावर कोणीतरी चेंडू घेऊन पळालं, अर्नेस्ट ओरडला.
पुन्हा जाहिराती.
बिअरला अकरा. चिप्सना सात.
आणि एका जाहिरातीतून दुसरीत जाताना
पडदा पापणीभर काळा होतो ना,
ना गाणं, ना माणूस, ना किंमत,
तिथे तिची रेषा थेट शंभरवर.

मला वाटलं, वायर सैल असेल.
पुढच्या काळ्यालाही शंभर.
काचेतून पाहिलं : डोळे मिटलेले,
मनगट मात्र जागं.

"सात नंबर काढून टाक," साहेब म्हणाला.
काढला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : उपकरणात बिघाड.
उपकरण ठणठणीत होतं.

पाकीट घेताना तिने सही केली,
एक सँडविच उरलंय, नेऊ का, विचारलं.
दोन उरली होती. दोन्ही दिली.

खिडकीतून दिसत होतं :
तिने काचेवरचा बर्फ खरवडला, अर्धाच,
आत बसली, दार ओढलं.
दिवे लावले नाहीत, इंजिन नाही.
आत सामन्याचा शेवटचा गलका चाललेला,
बाहेर ती तशीच बसून.

किती वेळ, ते मोजायला
आता माझ्याकडे तिची रेषा नव्हती.