कॉफीच्या डब्यातली पिसं

आइली कार्पिनेन आली तेव्हा
बाहेर वजा एकोणीस होतं,
आणि तिच्या काखेत मेत्सो,
आजारी पोराला दवाखान्यात आणावं
तसा चादरीत गुंडाळलेला.
दुसऱ्या हातात कॉफीचा डबा.
"सापडली तेवढी सगळी ह्यात आहेत," ती म्हणाली.
"दोन कुत्र्याच्या पोटात गेली.
एक परत आलं. तेही ठेवलंय, धुऊन."

मी डबा टेबलावर उपडा केला.
काळी पिसं, तपकिरी पिसं, शेपटीची पांढरे शिंतोडे उडालेली,
आणि कागदात वेगळं बांधलेलं
ते एक.

मेत्सो म्हणजे आमच्या पाइनच्या रानातला कोंबडा,
टर्कीएवढा, आणि मस्ती त्याहून जास्त.
शरदात त्याला कुत्रा पकडून देतो.
पकडून म्हणजे काय, झाडाखाली बसतो आणि भुंकतो.
कोंबडा फांदीवरून खाली बघत राहतो,
हे लाल शेपटीचं काय चाललंय म्हणून,
तेवढ्यात माणूस मागून येतो.
एइनारी कार्पिनेन असाच मागून आला होता,
एक्क्याऐंशी साली.

आताचा कुत्रा त्याच जातीचा, नाव हिप्पु.
कुहमोत तिसऱ्या मजल्यावर राहतो,
रान त्यानं गाडीच्या काचेतून पाहिलंय.
पुस्तकांच्या कपाटावरच्या मेत्सोखाली बसून
तो महिनाभर भुंकला.
कोणीच आलं नाही बंदूक घेऊन.
शेवटी खुर्चीवरून टेबल, टेबलावरून कपाट,
त्याचं त्यानंच उरकलं.

चोच अर्धी चावलेली: ती इपॉक्सीची करता येते,
जुन्या हस्तिदंतासारखा रंग जमेपर्यंत तीनदा खरवडून.
डोळ्यावरची लाल भुवई तशीही फिकी पडली होती.
डाव्या पंखाची चार पिसं गायब,
आणि उजव्याचं पीस डाव्याला चालत नाही, चपलेसारखं.
फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली
ट्रकनं उडवलेला एक मेत्सो मी ठेवलाय.
त्याच्याकडून घेतली.

मानेची शिवण उसवली होती.
आत लाकडाचा किस, त्यावर दोऱ्याचे वेढे,
घाईचे, एकावर एक,
आणि ते वेढे मी ओळखले.
पाटाखाली बघायची गरज नव्हती, तरी बघितलं:
बाबांचं अक्षर, पेन्सिलीनं.
तेव्हा ते टपाल वाटायचे
आणि रात्री स्वयंपाकघरात पक्षी भरायला शिकायचे.
मान दोन बोटं लांब झालीय.
इतकी लांब मान मेत्सोला नसते, बदकाला असते.

बाबा असते तर मी फोन केला असता,
हसले असते मी.

त्याऐवजी आइलीला केला.
म्हटलं, उघडलंच आहे तर हातासरशी
मानही बरोबर करू का? पैसे नकोत त्याचे.
पलीकडे कुत्रा, नळ, मग नळ बंद.
"एइनारीला माहीत होतं," ती म्हणाली.
"तो म्हणायचा, वाकून बघतोय. कुत्र्याकडे.
राहू दे."

मग वाकड्या सुईनं
बाबांच्याच भोकांतून दोरा घातला.
एक भोक फाटलं होतं, तिथे
माझं एक नवीन पाडलं.

शनिवारी ती न्यायला आली, हिप्पुला घेऊन;
त्याला एकटं ठेवायची सोय उरली नव्हती.
ते पोटातून आलेलं पीस बसलं नव्हतं,
दांडाच मोडलेला. मी ते डब्यात परत टाकलं,
तिनं डबा कानाशी हलवून बघितला.

हिप्पु टेबलाखाली बसला.
वर बघितलं. मेत्सोनं खाली.
आणि कुत्रा भुंकू लागला,
थांबून थांबून, एका तालात,
जसं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

आम्ही दोघींनी
दाराकडे बघितलं.

मग तिनं हातमोजा काढला,
पाकीट उघडलं,
विचारलं, किती झाले.