अडीच पोळ्या

गाडी ठरली होती. राखाडी वॅगनआर,
दोन हजार सोळाची, एकाहत्तर हजार पळालेली.
"डॉक्टरीणबाईंची आहे, सिंगल ओनर," काळोखे म्हणाला.
पुण्यातली प्रत्येक जुनी गाडी
एखाद्या डॉक्टरीणबाईंचीच असते
आणि त्या ती फक्त दवाखान्यापर्यंत नेत असतात.
मी मॅट उचलून पाहिलं. खाली वाळू.
दवाखाना समुद्रावर असावा.

मग त्याने दुसरा कागद पुढे सरकवला.
एक्स्टेंडेड वॉरंटी, दोन वर्षं,
टॅक्स धरून अठरा हजार दोनशे पन्नास.
"डोक्याला ताप नाही, मॅडम,"
आणि टोपण काढून पेन माझ्या हातातच दिलं.

मला रुपये एकदम कळत नाहीत.
सव्वीस वर्षं धनकवडीत पोळ्या लाटतेय,
मोठा आकडा आला की दहाने भागते.
अठराशे पंचवीस पोळ्या.
तेल, पीठ, गॅस सोडून द्या,
नुसत्या लाटायच्या म्हटल्या तरी
पहाटे चारपासून तीन दिवस.
दोन वर्षांत वाटल्या तर दिवसाला अडीच.

अडीच म्हणजे एका माणसाचं जेवण.
म्हणजे रोज एक पान वाढून ठेवायचं
अशा पाहुण्यासाठी
जो आलाच नाही तर बरं.

चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली.
काळोखे चहा सांगायला उठला.
क्लच प्लेट नाही. ब्रेक शू नाही.
रबराचं काहीही नाही. काच नाही, बॅटरी नाही,
गंज तर नाहीच (मला वाळू आठवली).
आणि शेवटी,
नियमित वापरामुळे होणारी झीज नाही.

माझ्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.
मी ते पदराखाली घेतलं,
उगाच, कुणी विचारलं नव्हतं.

पाचंगे मेकॅनिकला फोन लावला.
तो कुठल्या तरी गाडीखाली होता, आवाज तेलकट.
"ताई, आजार नेमका कागदात नसलेल्या जागी होतो.
पण गिअरबॉक्स बसला तर मला शिव्या देऊ नका."
म्हणजे त्यानेही काही सांगितलं नाही.

वॉरंटी मीही देते.
संध्याकाळपर्यंत मऊ राहील,
नाही राहिली तर उद्या दोन जास्त न्या.
सव्वीस वर्षांत तिघे परत आले.
त्यातला एक खोटं बोलत होता,
त्यालाही दोन दिल्या.
पण मी उद्या तिथेच असणार,
हे त्याला माहीत होतं ना!

म्हणून चहा आल्यावर विचारलं,
"दोन वर्षं तुम्ही असाल ना इथे?"
काळोखेने बाहेर बघितलं. मीही.
बोर्डाचा फ्लेक्स एका कोपऱ्यात सुटला होता,
खालून आधीच्या दुकानाचं 'र्निचर' दिसत होतं.
"असणार की," तो म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं.
पेन मी टोपण लावून परत दिलं.

आता हिंगाच्या मोठ्या डब्यावर
खडूने 'गाडी' लिहिलंय.
रोज रात्री पंचवीस रुपये टाकते,
माझ्याच पाहुण्याचं पान.

विसाव्या दिवशी, हॉस्टेलचे डबे मागे,
पद्मावतीच्या सिग्नलला
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.
मागून हॉर्न. गाडी कडेला घेतली,
किल्ली फिरवली, दहा अंक मोजले,
पुन्हा फिरवली. दिवा गेला.
कशामुळे लागला, कशामुळे गेला, माहीत नाही.

पाचंगेकडे उद्या जाईन.
डब्यात चारशे पंचाहत्तर आहेत.
पोळ्या अजून गरम होत्या,
काचांवर आतून वाफ धरलेली.
मी हाताने ती पुसली
आणि पहिला गिअर टाकला.