कोरा नमुना

मानवत सोडल्यावर तिसऱ्या फाट्यावर उतरले
तेव्हा नुकतं उजाडत होतं. हातात थर्माकोलची पेटी.
कंडक्टर म्हणाला, मासळी का?
म्हटलं, नाही, रिकाम्या बाटल्या. सकाळची पहिली लघवी आणायचीय.
त्यानं घंटी मारली.

लिंबाजी सोनटक्के. वय चौतीस. फवारणीचे हंगाम सोळा.
त्याच्या सदऱ्यावर मी गॉजचे चौकोन टाचते,
खांद्यांवर, छातीवर,
पाठीवर जिथं पंपाचं बूड टेकतं आणि ठिबकतं.
'ठिगळं लावायलाव का बाई?
बगलेतलं तर कालच शिवून आणलंय.'

कीटकनाशकाचं नाव?
'औषध.'
कुठलं?
'निळ्या डब्याचं. त्याच्या आधी हिरव्या.'
झाकण कशानं उघडता?
दात दाखवतो, मग ओठ मिटतो.
वाऱ्याच्या दिशेनं चालता की वाऱ्यासमोर?
'तास जिकडं जातंय तिकडं.'

शेतापासून घराचं अंतर, मीटरमध्ये.
मी पावलांनी मोजलं. एकेचाळीस भरली.
मधे हापसा, अंगणवाडीची खिडकी,
दोरीवर कुणाची तरी दुपटी.

संध्याकाळी चौकोन सोडवले, चिमट्यानं, हातमोजे घालून.
सदरा चांगुणानं उचलला नुसत्या हातानं
आणि पोरांच्या कपड्यांसोबत
एकाच घमेल्यात बुडवला.
'माझ्या आंगाला न्हाई का लावायची चिंधी?'
तिच्यासाठी फॉर्म नव्हता.
नवऱ्याच्या फॉर्ममागं, पेन्सिलीनं, तिचं नाव लिहिलं,
आणि: हाताला भेगा, दोन्ही.

राहिला कोरा नमुना.
औषध जिथं पोचत नाही अशा जागी एक चौकोन टांगायचा,
बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे.
गाव विचारात पडलं.
शाळा? मागं कापूस.
मारुतीचं देऊळ? पंप तिथंच ठेवतात,
देवासमोरून कोण चोरणार.
शेवटी अफसरभाई टेलर म्हणाले, माझ्या दुकानात लावा,
तीस वर्षांत मी शिवाराचं तोंड पाहिलेलं नाही.
खुंटीवर, अर्धवट शिवलेल्या ब्लाउजशेजारी
तो चौकोन दिवसभर लटकला,
काढताना टाचणीएवढा डागसुद्धा नव्हता.

तीन आठवड्यांनी परभणीत आकडे आले.
साहेब म्हणाले, कोऱ्यातही सापडलंय,
तुझाच हात लागला असेल कुठंतरी. बाद कर.
मी बाद लिहिलं, तारीख घातली, सही केली.
जेवायला बसल्यावर आठवलं,
बगलेतली ती नवी शिवण.
अफसरभाई दोरा दातानं तोडतात.

रात्री त्यांचाच फोन.
'बाई, आमचं फडकं गावात सगळ्यात साफ निघालं ना?'
मी गॅलरीत. खाली रिक्षा, समोर भिंत,
वारा होता थोडा.
सवयीनं त्याची दिशा
तळहातावर लिहून घेतली.