चिलापीचा खवला

नागूबाय टबातली जिवंत चिलापी शेपटीला धरून उचलते,
विचारते, "कालेजची, का घरची?"
मी म्हणते, दोन्ही.
खवले प्रयोगशाळेचे, मांस आमचं.
देवस्थळे सरांची याला हरकत नाही,
व्हाउचर तेवढं निम्म्या पैशांचं लाव म्हणतात.

अनुकंपेवर लागले तेव्हा सहा महिने
सूक्ष्मदर्शकात मला माझीच पापणी दिसायची.
कुणाला सांगितलं नाही.
आता मुली म्हणतात, मावशी, फोकस लावून द्या,
आणि मी एका बोटाने चाक फिरवते.
खालून हळूहळू वर येतात काळ्या पेशी,
अंगभर फांद्या पसरून,
माहुलच्या खाडीत ओहोटीला
तिवरांची मुळं उघडी पडतात तशा.

मग अ‍ॅड्रेनॅलिनचा एक थेंब.
रुखसार नावाची मुलगी ओरडली, "सर, हे आटतंय!"
आटत नाही, सर म्हणाले. फांद्या आहेत तिथेच आहेत.
आतले काळे दाणे तेवढे माघारी फिरतात,
मधोमध गोळा होऊन बसतात.
घाबरलेला मासा असा फिका पडतो.

पण घाबरायला मासा होता कुठे?
तो माझ्या डब्यात, हळद-मीठ लावून.
भीती तेवढी काचेवर राहिली होती.

बेडकांचं काम आता बंद झालं.
पूर्वी एक पांढऱ्या घमेल्यात ठेवायचे,
एक काळ्या रंगवलेल्या डब्यात.
तासा-दोन तासांत हा उजळ, तो काळपट.
हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना.
मला बघायला आले त्या दिवशी आईने
मला चुन्याच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं
सकाळी दहापासून दोनपर्यंत.
पाठ पांढरी झाली, लुगड्याची.
बाकी काही नाही.
तरी ह्यांनी होकार दिला.

ह्यांची एक बरणी अजून वरच्या फळीवर आहे.
लेबल ह्यांच्या अक्षरात: हिरवा बेडूक, पवई, १९९८.
ह चा पाय लांब ओढायची सवय.
आत बेडूक निळा.
शाळेच्या शाईसारखा निळा, पाय पोटाशी घेतलेला.
मला वाटलं, लिहिताना चुकले असतील,
घाई असायची त्यांना.

सर म्हणाले, चुकले नाहीत. होता हिरवाच.
वर पिवळ्या पेशींचा थर असतो,
तो पिवळा बरणीतल्या औषधात विरघळून गेला.
आणि निळा? निळा काही रंग नव्हेच, बाई.
बारीक चकत्या असतात, आरशासारख्या,
उजेड त्यांच्यावर आपटून निळा होऊन परततो.
खरवडून काढायला गेलात तर
हाताला निळं काही लागणार नाही.

लेबल बदलायचं का, त्यांनी विचारलं.
मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं.
नको म्हटलं.

परवा प्रॅक्टिकल संपल्यावर एक खवला उरला.
टाकवेना. मिठाच्या पाण्यात घालून
छोट्या बशीत, फ्रीजमध्ये, लसणीच्या वासाची सरांची चटणी
असते त्याच्या शेजारी ठेवला.
रात्री घरी कालवण झालं. संदेशने डोकंसुद्धा चोखून खाल्लं,
काटे मांजरीने नेले.

सकाळी कुणी यायच्या आत
खवला काचेवर घेतला. दिवा लावला.
काळे ठिपके होते तसेच, दाबून मिटलेले.
ताजं मिठाचं पाणी सोडलं एक थेंब,
आणि थांबले.
खाली बेस्टची पहिली बस वळली, काच थोडी थरथरली.
मग एका ठिपक्याला किनार फुटली.
मग दुसऱ्याला.
काळोख आपापल्या वाटांनी निघाला,
कुठली वाट आपली हे न विसरता,
टोकापर्यंत जाऊन पोचला.

मासा कधीच संपला होता.
हे त्याला कुणी सांगायचं, आणि कसं?

सरांच्या चपला जिन्यात वाजल्या.
मी काच नळाखाली धरली.
पाणी आठलाच जातं आमच्याकडे.