बारा लिटर

ट्रॉम्बेच्या रस्त्याला, वजनकाट्यासमोर आमचं सर्व्हिस सेंटर.
दर्शनी काचेत तीन नव्या गाड्या, झेंडूचे हार, कॉफीचं मशीन.
मी असते मागे, कंप्रेसरच्या भिंतीला लागून,
जिथे गाड्या जे टाकून जातात ते येतं.

माझ्याकडे निळ्या झाकणांची सहा पिंपं,
जाळीवर रात्रभर पालथे घातलेले फिल्टर,
लाकडी फळ्यांवर मेलेल्या बॅटऱ्या,
तेलकट चिंध्यांची गोणी, रंगखोलीतला चिकट गाळ
आणि एक रजिस्टर. त्याचा पुठ्ठाही आता तेल प्यायलाय.

जळकं तेल आलं की मी पट्टी बुडवून मोजते,
दूधवाल्याचं माप बघणाऱ्या माझ्या आईसारखी,
एक डोळा बारीक करून.
नव्वद दिवसांच्या आत टँकर यायला हवा.
टँकर आला की सात प्रती:
पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी.
डबक्यावर तेल सांडलं की साधारण असेच रंग पसरतात,
फक्त तिथे कुणी सही करत नाही.

त्याआधी दोनदा तरी फोन येतो.
"ताई, रोख देतो, लिटरमागे नऊ रुपये जास्त. कागद कशाला?"
मी म्हणते, कागद हाच माझा पगार आहे.
(एकदा गप्प राहिले होते. तीन सेकंद.
लेकीच्या क्लासची फी भरायची होती.)

मार्चमध्ये हिशेब बसेना.
गाडीत चार लिटर जातं, साडेतीन बाहेर येतं,
अर्धा इंजिन खातं, ते मी धरलेलंच असतं.
तरी बारा लिटर कमी.
फरशी कोरडी. पिंपांच्या बुडाशी टाकलेला भुसाही कोरडा.

हरेश्वर तांडेलला मी विचारलं नव्हतं.
तोच आला जेवणाच्या सुट्टीत, नखं सुताने पुसत.
"मॅडम, होडीला लावलं.
भावाची होडी. कीड लागलीय, बुडाची चाळण झालीय.
बाबा मुशीच्या काळजाचं तेल लावायचे.
मुशी आता गावते कुठे?"

मी म्हणाले, तांडेल, ते खाडीत उतरतं.
"माहीत आहे की," तो म्हणाला.
"आमच्या निवट्यांना तुमच्या गॅरेजचा वास
मी इथे लागायच्या आधीपासून येतो."
अकरा वर्षं झाली त्याला इथे.
अजून 'तुमच्या' म्हणतो.

वर कळवलं तर त्याची नोकरी जाते.
नाही कळवलं तर रजिस्टर खोटं, म्हणजे मी खोटी.
शेऱ्याच्या रकान्यात 'गळती' लिहिलं. खोडलं.
'बाष्पीभवन' लिहिलं
आणि एकटीच हसले,
कारण जळकं तेल असं उडून जात नाही.
ते कुठेच जात नाही.

शेवटी लिहिलं: तूट बारा लिटर. कारण विचारल्यास सांगेन.
खाली सही, तारीख.
देवस्थळीसाहेबांनी अजून ते पान उलटलेलं नाही.
रोज संध्याकाळी ते कपाटाशी येतात,
पंख्याचं बटण बंद करून जातात.

सोमवारी तांडेलने कॅन परत आणला,
रिकामा, आतून काळा, तोंडाला कागदाचा बोळा.
नियमाने रिकामा कॅनही घातकच.
काट्यावर ठेवला. नऊशे ग्रॅम.
वेगळ्या पानावर, वेगळ्या क्रमांकाखाली चढवला: नग एक.

तो बघत उभा होता.
म्हणाला, "होडीचं नाव पण लिहा ना,
रकाना असला तर."

रकाना नव्हता.
समासात लिहिलं.